निम्म्या पगाराची मास्तरीण

वनमालाशी बोलायचं म्हटलं की नवखा माणूस आधी दोन पावलं मागं सरकतो. त्याला वाटतं बाई भांडायला उठली. तिनं विचारलेलं असतं एवढंच, "चहा टाकू का?" पण ते तीन घरं पलीकडं ऐकू जातं. गिरणीत उभं राहून तिचा आवाज पट्ट्याच्या घरघरीवर चढून बसला, तो आता घरातही खाली उतरत नाही. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ, कानाच्या पाळीवर पीठ. चाळिशी गाठायची आहे, पण दुपारी बारा वाजता बघाल तर सत्तरीची म्हातारी.

गिरणी चकलांब्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून असलेल्या वस्तीवर. तिच्या भिंतीला खेटून जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. एका कानात गिरणी, एका कानात पाढे.

या गिरणीत माणसं रांग लावत नाहीत, डबे लावतात. डबा ठेवायचा अन् शेतात निघून जायचं. डबा तुमच्या जागी उभा. कुणी कुणाचा डबा सरकवला तर भांडण थेट आज्यापणज्यापर्यंत जातं. फक्त एका डब्याला नंबर नाही. स्टीलचा, चकचकीत, झाकणाला कडी असलेला. तो आला की वनमालाची सासू सुंदरबाई ओसरीवरून ओरडते, "वनमाले, मॅडमचं आधी काढ गं! तिला शाळा असती!"

मॅडम म्हणजे विजयमाला. वनमालाची धाकटी जाऊ.

नात्यानं धाकटी, वयानं वर्षभर मोठी. दोघींनी डी.एड. केलं एकाच कॉलेजात. विजयमाला पुढच्या वर्गाला, वनमाला मागच्या. विजयमाला पास झाली त्या सालच्या भरतीत तिचा नंबर लागला. वनमाला पास झाली अन् भरती बंद पडली. "पुढच्या साली निघंल," म्हणत वनमालाचं लग्न झालं, "पुढच्या साली निघंल," म्हणत सायली झाली, अन् "पुढच्या साली निघंल," म्हणत नवरा तानाजीनं गिरणी टाकली. मग धाकट्या दिराला स्थळ आलं. नोकरीवाली मुलगी. वनमालानं दारातून वाकून बघितलं अन् पोह्यांचं ताट तिच्या हातातच राहिलं. कॉलेजातलीच विजयमाला, डोक्यावर पदर घेऊन.

"हिला मी वळखते," ती त्या दिवशी सासूला म्हणाली होती. "हिचं फळ्यावरचं अक्षर तिरकं जायचं."

"जाऊ दे तिरकं," सुंदरबाई म्हणाली. "पगार सरळ येतोय ना?"

बरीच वर्षं विजयमाला आष्टीकडं नोकरीला होती. सणावारी यायची, साडी द्यायची, जायची. तेवढं वनमालाला सोसवत होतं. पण तीन वर्षांखाली बदलीत तिला घरचीच शाळा मिळाली अन् वनमालाच्या जिवाला घोर लागला. आता रोज सकाळी स्कूटीचा आवाज. रोज इस्त्रीची साडी. रोज ओसरीवर सासूचं, "मॅडम फोनवर हायत, आवाज कमी करा." हे कुणाला, तर वनमालाला, जिचा आवाज कमी होतच नाही! विजयमालाच्या टाचांना भेगा नव्हत्या. विजयमालाला नावानं कुणीच हाक मारत नव्हतं, सासूही नाही, नवराही नाही. अन् वनमालाची स्वतःची पोरगी सायली, चौथीतली, सख्ख्या काकूला घरातसुद्धा "मॅडम" म्हणायची. वर आईला शिकवायची, "मम्मी, मॅडम म्हणतेत 'पानी' न्हाई, 'पाणी' म्हणायचं."

"पिठात पडली तुपली मॅडम," वनमाला पुटपुटायची. म्हणजे सगळ्या गिरणीला ऐकू जायचं.

त्या मार्चात मास्तरांचा संप सुरू झाला. पगार वाढवा, जुनी पेन्शन द्या. शाळेला कुलूप लागलं, मॅडम रोज बीडला मोर्चाला जायला लागल्या, अन् नव्या गव्हाचे डबे घेऊन आलेल्या माणसांना गिरणीत दुसरा विषय उरला नाही.

"आपून काय पेन्शन मागतो का बे?" सुग्रीव म्हणाला. म्हणजे ओरडला, पट्टा चालू होता. सुग्रीव शेजारच्या शेतातल्या आखाड्यावर राहणारा, कपाशीवाला, तोंडानं खमक्या. "उन्हात मरायलोत आमी, पेन्शन त्यंना!"

शाळेत खिचडी शिजवणारी साखराबाई डब्यावर बसली होती. "मला तर मानधनबी सहा-सहा महिने येत न्हाई. मी गेले का संपाला?"

"तू गेलीस तर पोरं उपाशी. मास्तर गेले तर पोरं खूश!"

हशा झाला. ओसरीवरून सुंदरबाई आत डोकावली. "ए सुग्र्या! पेन्शन लागत असती. पेन्शन असलेल्या म्हातारीला सून टायमावर दूध देती. नसलेलीला चहा गाळलेलं फडकं."

"आत्याबाई, तुमाला कोण फडकं दिलं?" वनमाला आतून.

"मी मपलं न्हाई म्हणत, जगाचं म्हणते."

"जगाचं म्हणती अन् मपल्याकडं बघती."

सुग्रीवनं काडी टाकली. "वनमाला वहिनी, तुमी सांगा. तुमी तर शिकल्याल्या. मास्तरकीत असं काय काम असतंय?"

एवढं विचारायचा अवकाश होता. वनमालानं गव्हाचं घमेलं गिरणीत रिकामं केलं, कंबरेवर हात ठेवले, अन् पट्ट्याच्या वर आवाज चढवून म्हणाली, "काम कसलं! पर्स हालवत जायचं, पर्स हालवत यायचं! खुर्चीवर बसायचं, मोबाईल बघायचा! वर म्हणायचं पगार कमी हाय! अन् अक्षर तर आसं की..."

अन् लाईट गेली. पट्टा थांबला. गिरणी एकदम गप्प झाली अन् त्या शांततेत वनमालाचं उरलेलं वाक्य पूर्ण आवाजात बाहेर पडलं.

"...कोंबडीनं पाय हाणल्यासारखं!"

दारात विजयमाला उभी होती. स्टीलचा डबा हातात.

साखराबाईनं पदर तोंडात कोंबला. सुग्रीव छताकडं बघायला लागला. विजयमाला आत आली, डबा गिरणीजवळ, सगळ्यांच्या पुढं, रोजच्या जागी ठेवला.

"अक्का," ती हळू आवाजात म्हणाली, "लाईट आली की एवढा गहू बारीक काढा." अन् गेली.

भांडली असती तर बरं झालं असतं. वनमालाला वाटलं, ही मला भांडायच्याही लायकीची समजत नाही. आणखीनच आग आग झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विठ्ठलराव आले. शाळा समितीचे अध्यक्ष, पांढरं धोतर, दोन्ही खिशात मोबाईल. मागं सुग्रीव.

"वनमाला, तू डी.एड. हायस ना?"

गेल्या दहा-बारा वर्षांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. तिनं पिठाचे हात पदराला पुसले. "फर्स्ट क्लास," ती म्हणाली.

"मग उद्यापासून शाळा तू घ्यायची. ही घे चावी. गाव शाळा चालवणार. मास्तर बसू दे बीडला."

"अन् उद्या दुपारी गेवराईहून चॅनलवाला येणार हाय," सुग्रीवनं मधेच तोंड घातलं. "मी बोलून ठिवलंय. त्याच्यापुढं एवढंच म्हणायचं, 'ह्यंना घरी बसवा, आमी निम्म्या पगारात शिकवतो.' बस. मग बघ कशे पळत येतेत."

"मी? चॅनलवर?"

"मग काय मी? मी सातवी नापास हाय."

ओसरीवर सुंदरबाईनं डोक्याला हात लावला. "आगं, घरातल्या घरात? जावंच्या खुर्चीवर जाऊ? लोक काय म्हणतील?"

"लोकच म्हणायलेत ना, जा म्हणून," वनमाला म्हणाली. तानाजीनं फक्त विचारलं, "गिरणी कोण बघंल?" अन् बायकोचं तोंड बघून स्वतःच उत्तर दिलं, "मी बघतो."

रात्री तिनं पत्र्याची पेटी उघडली. तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, डी.एड.ची साडी होती. गणवेशाची. मोरपंखी, मरून काठ. सराव पाठाला सगळ्या मुली हीच नेसून जायच्या. ही साडी वनमालानं कधी कुणाला दिली नाही, कधी गोधडीत घातली नाही, दिवाळीला बोहारीण आली तरी दाखवली नाही.

सकाळी ती नेसून बाहेर आली तेव्हा विजयमाला मोर्चाला निघायच्या गडबडीत होती. स्कूटी चालू, पर्स खांद्याला. तिनं साडी बघितली अन् स्कूटी बंद केली. तिच्याकडंही तीच साडी असणार. किंवा नसेलही. नोकरी लागलेल्या माणसाला कशाला लागते ती.

"शाळेत निघालात?"

"हां."

"ह्या साडीचा पदर घसरतो अक्का, फळ्यावर लिहिताना." विजयमालानं स्वतःच्या खांद्यावरची पिन काढली अन् वनमालाच्या पदराला टोचली. वरच्या वर, पाहुण्या पोरीला लावावी तशी. "अन् पहिलीची पोरं दर घंट्याला सू म्हणतेत. जाऊ द्यायचं. नाहीतर वर्गातच करतेत."

स्कूटी गेली. वनमाला दारात उभी. तिला वाटलं, ही पिन ओढून फेकून द्यावी. पण पदर खरंच घसरत होता.

शाळा म्हणजे दोन खोल्या. दुसरे गुरुजी गेवराईचे, तेही संपावर. तेव्हा पहिली ते चौथी, सगळी लेकरं एकाच खोलीत, चार रांगांत. वनमाला आत गेली अन् आधी फळ्याकडं बघितलं. फळ्यावर वरच्या कोपऱ्यात संपाच्या आधीचा सुविचार तसाच होता. विजयमालाच्या हातचा. ओळ डावीकडून निघून उजवीकडं वर चढत गेलेली.

"तिरकं!" वनमालाला इतका आनंद झाला की तिनं तो पुसला नाही.

"एकसाथ नमस्ते!" पोरं उभी राहिली. मग एक पोरगं म्हणालं, "गिरणीवाली मावशी हाय ही." दुसरं म्हणालं, "मपला डबा झाला का मावशे?"

"खाली बसा!" वनमाला म्हणाली.

सगळी लेकरं दणकन खाली बसली. बाहेर झाडावरचे कावळे उडाले. पहिलीतलं एक पोरगं रडायला लागलं. चौथीच्या रांगेत सायलीनं लाजून दप्तरात डोकं घातलं.

पण पाठ मात्र तिनं असा घेतला की बघत राहावं. अपूर्णांक. निम्मा अन् पाव. हाच पाठ तिनं कॉलेजात घेतला होता अन् निरीक्षक बाई तास संपला तरी उठल्या नव्हत्या. हाच पाठ ती इतकी वर्षं भाकरी थापता थापता मनात घेत आली होती. कुठं थांबायचं, कुठं हसायचं, कुणाला प्रश्न विचारायचा, सगळं पाठ. तिनं पदराखालून फडकं काढलं, फडक्यातून भाकर.

"ही काय हाय?"

"भाकर!"

"किती?"

"एक!"

"पुरी एक. आता बघा." तिनं भाकर मधोमध मोडली. "निम्मी म्हणजे काय? दोन वाटे. पण कसे वाटे? सारखे वाटे! एक मोठा, एक बारका असला तर ते निम्मं न्हाई, ती लबाडी!"

पोरं हसली. तो मोठा आवाज आता वर्गभर लख्ख पोचत होता, शेवटच्या रांगेपर्यंत, खिडकीतून बाहेर बांधापर्यंत. निम्म्याचा निम्मा म्हणजे पाव. पावाचे वाटे झाले, वाट्यांना नावं दिली, पोरांनी फळ्यावर येऊन चित्रं काढली. शेवटी तिनं विचारलं, "मग निम्मी भाकर खाल्ली तर काय उरतं?"

"भूक!" मागून एक कार्टं ओरडलं.

अन् पाठ संपला. पोरांनी पाठाची भाकरही खाऊन टाकली.

वनमाला खडू हातात धरून उभी राहिली. पोरं तिच्याकडं बघत होती.

"आता काय, मावशे?" पहिली रांग.

आता काय? तिच्याकडं हाच एक पाठ होता. दुसरा तिनं कधी मनात घेतलाच नव्हता. कॉलेजात पाठ झाला की निरीक्षक सही करायचे, पोरी एकमेकींना टाळ्या द्यायच्या अन् चहाला जायच्या. इथं सगळी सकाळ पुढं पसरली होती.

तिनं चौथीला गणितं घातली. तिसरी म्हणाली, "आमाला?" तिसरीला वाचन दिलं, तोवर दुसरी मारामारीला आली. दुसरीला सोडवायला गेली, पहिली सू म्हणाली. एकाला जाऊ दिलं की सगळे सू. तिनं एकाला थांबवलं, त्यानं वर्गातच केली. चौथीची गणितं तपासायला फळ्यावर लिहायला गेली तर सायली हळूच म्हणाली, "मम्मी, वळ खाली चालली."

वनमालानं मागं सरून बघितलं. विजयमालाची ओळ वर चढत गेलेली, अन् तिच्या खालीच तिची स्वतःची, उतारावरून घसरत चाललेली. अक्षरं थरथरलेली. तिनं घाईघाईनं पुसली. मग सुविचारही पुसायला हात वर केला, अन् तसाच खाली घेतला.

"मॅडम अशा टायमाला गाणं म्हणतेत," एक मुलगी म्हणाली.

"म्हणंल मी गाणं."

"मॅडम कृती करून म्हणतेत. सशाची."

"सशाचं मला येत न्हाई."

"मॅडमला येतंय. मॅडम उड्या मारतेत."

विजयमाला उड्या मारते? इस्त्रीच्या साडीत? वनमालाला ते डोळ्यांपुढं येईना. मग आलं. पगाराचं तिला माहीत होतं, पर्सचं, टाचांचं, सासूचं माहीत होतं. हे माहीत नव्हतं. भिंतीच्या अलीकडं ती गहू दळत होती, अन् पलीकडं ती बाई रोज ससा होऊन उड्या मारत होती अन् सायली, तिची सायली, टाळ्या वाजवत होती.

खिचडी घेऊन साखराबाई आली तेव्हा वनमालाचा घसा बसला होता. "कसं वाटतंय मॅडम?" साखराबाईनं डोळे मिचकावून विचारलं. जन्मात पहिल्यांदा तिला कुणी मॅडम म्हटलं, अन् तिला नीट ऐकूही आलं नाही. एका हातात ओली चड्डी होती.

चॅनलवाला आला. मोबाईल काठीला लावलेला, गळ्यात ओळखपत्र. मागं विठ्ठलराव, सुग्रीव, दहा-पंधरा माणसं, अन् कुंपणाच्या पलीकडं गिरणीत डबे ठेवून आलेल्या बाया. सुग्रीवनं वनमालाला फळ्यापुढं उभं केलं, खुर्ची फ्रेममध्ये येईल अशी सरकवली.

"ध्यानात हाय ना?" तो कानात म्हणाला. "निम्म्या पगारात. जोरात म्हणायचं."

"जोरात म्हणायचं तू नको शिकवू."

मोबाईल समोर आला. "ताई, आपलं नाव?"

"वनमाला. डी.एड. फर्स्ट क्लास." आवाज घोगरा, पण अजूनही कुंपणापर्यंत जाणारा.

"शिक्षक संपावर गेलेत, गावातल्या पोरांचं नुकसान होतंय. आज आपण स्वतः शाळा घेतली. तर ताई, आपण निम्म्या पगारात शिकवायला तयार आहात, बरोबर?"

सुग्रीव ओठांनी वाक्य म्हणत होता. वनमालानं तोंड उघडलं. तिची नजर फळ्यावरच्या त्या वर चढत गेलेल्या ओळीकडं गेली. मग खुर्चीकडं. उद्या हे सगळीकडं दिसणार. ओसरीवर दिसणार. सासू बघणार, सायली बघणार, अन् जन्मभर गाव म्हणणार, ती पुरी मॅडम अन् ही निम्मी.

"निम्म्यात कावून?" वनमाला म्हणाली.

चॅनलवाला गडबडला. "म्हणजे... आपण तयार आहात ना?"

"शिकवायला तयार हाय. निम्म्यात कावून, का म्हणून, ते सांगा!" आवाज आता गिरणीच्या पट्टीत चढला. "तिनं पुरा घ्यायचा अन् मी निम्मा? ती काय मपल्या दुप्पट शिकलीय? एकाच कॉलेजातल्या आमी! तिचं अक्षर बघा, हे बघा, तिरकं हाय! घ्या, घ्या मोबाईलमधी! अन् म्हणं निम्म्यात शिकव! मला पुरा पाहिजे. तिच्याइतका. एक रुपया कमी न्हाई. अन् पेन्शनबी पाहिजे! तिला जी देताल ती! ती जुनी म्हणत असंल तर मलाबी जुनी!"

कुंपणापलीकडून साखराबाईनं एक टाळी वाजवली अन् घाबरून थांबली.

"आगं ए वहिनी!" सुग्रीव पुढं आला. "तू आपल्या बाजूनं हायस का त्यंच्या?"

"मी मपल्या बाजूनं हाय!"

"निम्म्यात शिकवणारे शंभर मिळतेत!"

"मग तुपली कपाशी दे की निम्म्या भावात! कावून भाव न्हाई म्हणून रस्ता अडवितो? शंभर देतेत निम्म्यात! दे! आत्ता दे, ह्यो मोबाईल चालू हाय!"

हशा असा उठला की आतली पहिलीची पोरंही कारण न कळता हसायला लागली. सुग्रीवचं तोंड वांग्यासारखं झालं. विठ्ठलरावांनी दोन्ही मोबाईल खिशात घातले अन् हात पुढं केला.

"चावी दे."

"उद्या कोण घेणार शाळा?"

"उद्याचं उद्या बघू. तू गिरणी बघ."

चावी हातातून गेली तेव्हा वनमालाला कळलं की तिची शाळा संपली. एक पाठ, एक सकाळ. तिनं वर्गाकडं वळून बघितलं. सायलीनं दप्तरातून डोकं वर काढलं होतं. ती आईकडं अशी बघत होती, जशी आजपर्यंत फक्त मॅडमकडं बघायची. तेवढं वनमालानं बघून घेतलं अन् पदर खोचून चालायला लागली.

संध्याकाळी स्कूटी आली. उन्हानं विजयमालाचं तोंड काळवंडलेलं, घोषणा देऊन तिचाही घसा बसलेला. वनमाला चुलीपुढं होती. सुंदरबाई दोघींच्या मधे, जणू कुस्ती लागणार आहे.

"अक्का, तुमचा व्हिडिओ साऱ्या मोर्चानं बघितला."

"बघू दे."

"कलेक्टर ऑफिसपुढं लाऊडस्पीकरला लावला. लोक शिट्ट्या मारायले. म्हणायले, ही आपली वाघीण कोण?"

"मी तुमची न्हाई. मी मपल्यासाठी बोलले."

"माहीत हाय मला." विजयमाला पाटावर बसली. "अन् साऱ्या जिल्ह्यापुढं माझं अक्षर तिरकं केलंत."

"हायच तिरकं."

"हायच," विजयमाला म्हणाली. दोघींचेही घसे बसलेले. त्यामुळं त्या घरात पहिल्यांदा दोघी सारख्याच आवाजात बोलत होत्या. सुंदरबाईला मात्र काहीच नीट ऐकू येईना. "काय म्हणली? काय म्हणली?" ती दोन्हीकडं मान वळवत राहिली.

आठवडाभरात संप मिटला. सरकारनं काय दिलं, काय कबूल केलं, यावर गिरणीत चार दिवस वाद झाला, मग तूर डाळीवर विषय गेला. वनमाला पुन्हा पट्ट्यापाशी. भिंतीपलीकडं प्रार्थना सुरू झाली की आता ती दळण ओतताना थांबायची. ससा कधी येतो याकडं कान लावायची. गाणं आलं, पोरं खिदळली की तिच्या मनात यायचं, ही आता उडी मारत असंल. अन् घमेलं आपटायची.

सोमवारी दुपारी सुट्टीत विजयमाला आली. स्टीलचा डबा, नवा गहू. गिरणी जोरात चालू होती, डब्यांची रांग दारापर्यंत. ती सरळ पुढं आली, डबा रोजच्या जागी ठेवला अन् उभी राहिली. काहीतरी बोलली.

"काय?" वनमालानं विचारलं.

विजयमालानं पुन्हा सांगितलं. ओठ हलले. नाकाच्या बाजूची कातडी थोडी आखडली होती, हसू एका बाजूलाच आलं होतं. ते तोंड वनमालाच्या चांगल्या ओळखीचं होतं. गेली तीन वर्षं तिनं ते रोज आरशात बघितलं होतं. तिला पहिल्यांदाच इतकं बरं वाटलं की बोटांतलं पीठ झटकायचं राहून गेलं.

"ऐकू न्हाई आलं! जोरात म्हण!"

"पोरं विचारायलेत!" विजयमाला ओरडली, पट्ट्याच्या वर, आयुष्यात कधी ओरडली नसेल तशी, गिरणीतल्या सगळ्या बायांना ऐकू जाईल अशी. "भाकरवाल्या मॅडम कधी येणार म्हणून!"

"कोण?"

"भाकरवाल्या मॅडम!"

साखराबाई खुदकन हसली. ओसरीवरून सुंदरबाई ओरडली, "वनमाले, मॅडमचं आधी काढ गं, तिला शाळा असती!"

वनमाला वाकली. स्टीलचा डबा दोन्ही हातांनी उचलला, गव्हाला पाय लागू नये असा जपून, अन् सगळ्या डब्यांच्या मागं, पार दाराशी, साखराबाईच्या पत्र्याच्या डब्यामागं नेऊन ठेवला.

"नंबरानं, मॅडम," ती म्हणाली.